शाळेत रस्ता सुरक्षा शिकवताना : नव्याने जबाबदारी आलेल्या शिक्षकांसाठी

जून महिन्यात शाळेत कामांची वाटणी होते तेव्हा पोषण आहार, वृक्षारोपण, क्रीडास्पर्धा अशा यादीत 'रस्ता सुरक्षा' हेही एक काम असते, आणि ते बहुतेक वेळा नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या नावापुढे लिहिले जाते. पुढे जानेवारीपर्यंत त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना आला की चित्रकला स्पर्धा होते, घोषवाक्ये लिहिली जातात, प्रभातफेरी निघते, छायाचित्रे वरच्या कार्यालयाला पाठवली जातात आणि विषय मिटतो. या उपक्रमांना माझा विरोध नाही, परंतु केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एकाच वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली आणि त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात दगावली, हे आकडे समोर असताना वर्षातून एकदा फेरी काढून समाधान मानणे मला पटत नाही. राज्यमार्गालगतच्या एका शाळेत हे काम मी बरीच वर्षे केले, आणि त्यातून जी पद्धत हळूहळू बसत गेली ती येथे क्रमाने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक प्रसंग सांगते, कारण माझी सगळी पद्धत त्यावरूनच बदलली. दुसरीच्या वर्गात नियम शिकवून झाला होता आणि सर्व मुलांना तो तोंडपाठ होता. एका मुलाला मी शाळेच्या फाटकाबाहेर नेले आणि रस्ता ओलांडून दाखवायला सांगितले. त्याने मोठ्याने 'आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे' असे म्हणत मान तीनदा अगदी बरोबर फिरवली आणि पाऊल पुढे टाकले. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता म्हणून बरे, कारण उजवीकडून मोटारसायकल येत होती आणि ती आमच्यासमोरून सुसाट निघून गेली. 'उजवीकडे काय दिसलं तुला?' असे मी विचारले, तर तो म्हणाला, 'काय नाय बाई, मी मान फिरवली की.' त्याने नियम पाळला होता, फक्त रस्ता पाहिला नव्हता. आपण त्याला कवायत शिकवली होती आणि पाहायला शिकवायचे राहून गेले होते.

आधी शिक्षकाने रस्ता पाहावा

मुलांना काहीही सांगण्यापूर्वी एक आठवडा शाळा भरण्याच्या आधी पंधरा मिनिटे आणि सुटल्यावर पंधरा मिनिटे फाटकाबाहेर उभे राहावे, आणि हातात वही ठेवावी. किती मुले चालत येतात, किती सायकलने, किती व्हॅनने किंवा रिक्षाने, किती जणांना पालक दुचाकीवरून सोडतात, हे मोजावे. मुले रस्ता नेमकी कोठे ओलांडतात तेही टिपावे. झेब्रा क्रॉसिंग एकीकडे आणि मुलांची पायवाट दुसरीकडे, असे चित्र बहुतेक ठिकाणी दिसते आणि त्यामागे काहीतरी साधे कारण असते. आमच्याकडे ते कारण म्हणजे गोळ्या-बिस्किटांची टपरी होती. टपरीवाल्या काकांना विनंती केल्यावर त्यांनी ती फाटकाच्या बाजूला आणली आणि मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडण्याचे प्रमाण एका दिवसात कमी झाले. कोणत्याही भाषणाने जे साधले नसते ते त्या टपरीच्या जागेने साधले.

त्यानंतर चौथीपासून पुढच्या मुलांना घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायला सांगावा आणि जेथे भीती वाटते तेथे लाल खूण करायला लावावी. मुलांना कोठे भीती वाटते हे आपल्याला अंदाजाने कधीच कळत नाही. आम्हाला मुख्य चौकावर खुणा येतील असे वाटले होते, आणि सर्वांत जास्त लाल खुणा आल्या त्या एका अरुंद पुलावर, जेथे कठड्यालगत चालायला वीतभरही जागा नव्हती. असे नकाशे एकत्र करून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह ग्रामपंचायत आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे द्यावेत, आणि प्रश्न मोठा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडेही पाठवावेत. गतिरोधक, 'पुढे शाळा आहे' हा त्रिकोणी फलक, पांढरे पट्टे यांसाठी केलेला नुसता अर्ज आणि मुलांनी स्वतः काढलेले चाळीस नकाशे जोडलेला अर्ज यांत फरक पडतो, हा माझा अनुभव आहे.

कोणत्या वयाला काय शिकवावे

पहिली-दुसरीच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालता येत नाही. ट्रक लांब दिसतो एवढे त्याला कळते, पण तो किती वेळात जवळ येईल हे कळत नाही. शिवाय त्याची उंची कमी असल्याने उभ्या केलेल्या जीपमागून त्याला रस्ता दिसत नाही आणि चालकाला तो दिसत नाही. म्हणून या वयासाठी दोनच धडे पुरे आहेत: मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, आणि चेंडू रस्त्यावर गेला तर त्याच्यामागे धावायचे नाही. मोठ्या माणसाने मनगट धरावे, कारण पकडलेले बोट मूल सहज सोडवून घेते, हेही पालकांना सांगावे.

तिसरी ते पाचवीत थांबणे, पाहणे, ऐकणे आणि ओलांडणे यांचा सराव सुरू करावा. साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलाला वेगाचा अंदाज येऊ लागतो, तरीही तो पक्का झाला असे समजू नये. सहावीपासून सायकल, चिन्हे आणि कायदा शिकवावा, आणि आठवी-नववीला मुख्य भर गाडी न चालवण्यावर द्यावा, कारण त्या वयात हात स्कूटीच्या किल्लीकडे जाऊ लागतो.

चिन्हांचा पाठ फार लांबवू नये. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, लाल कडेचे वर्तुळ मनाई करते, निळा चौकोन माहिती देतो आणि अष्टकोनी लाल फलक थांबायला सांगतो, एवढे आकार समजले की उरलेली चिन्हे मुले रस्त्यावर स्वतःच ओळखू लागतात. पंचवीस चिन्हे पाठ करून घेण्यात जो वेळ जातो तो सरावाला द्यावा.

मैदानावरचा सराव

पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी आता 'आनंददायी शनिवार' आहे, त्यातला एक तास या कामाला उत्तम मिळतो. मैदानावर फक्कीने रस्ता आखावा, मध्ये दुभाजक दाखवावा, पांढरे पट्टे काढावेत आणि काही मुलांना वाहने व्हायला सांगावे. नाशिकसारख्या शहरात मुलांसाठी वाहतूक उद्यान आहे, जमल्यास तेथे सहल न्यावी, पण ते जवळ नसले म्हणून काही अडत नाही.

येथेच पाहण्याची सवय लावायची आहे. मुलाने कडेला थांबून दोन्ही बाजूंना जे दिसते ते मोठ्याने बोलून सांगायचे, असा नियम करावा. 'उजवीकडून लाल मोटारसायकल येते आहे, डावीकडे बैलगाडी लांब आहे, मोटारसायकल गेली, आता उजवीकडे कोणी नाही, निघतो.' हे बोलणे मुलांना सुरुवातीला गमतीचे वाटते, आणि नेमके तेच त्यांना पाहायला भाग पाडते, कारण न पाहता ते बोलताच येत नाही. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे कडेवरून पाऊल टाकताच पहिले वाहन उजवीकडून येणार, म्हणून आधी उजवीकडे पाहायचे, हे कारणही सांगावे. कारण कळले की क्रम पाठ करावा लागत नाही. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे पाहायचे, कारण उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आपल्याकडे सर्वत्र आहेत.

वेगाचा धडा मी मैदानाच्या मापांनी शिकवते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. मूल समोर आले हे चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत, तो अगदी सावध असला तरी, सेकंदभर जातोच, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबूनही गाडी आणखी सुमारे १४ मीटर घसटत जाते. म्हणजे एकूण अंतर खो-खोच्या मैदानाच्या लांबीएवढे, साधारण २७-२८ मीटर झाले. तीच गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने असती तर १३ मीटरमध्ये, म्हणजे कबड्डीच्या मैदानाच्या लांबीएवढ्या अंतरात थांबली असती. एका मुलाला खो-खोच्या मैदानाच्या एका टोकाला 'गाडी' म्हणून उभे करावे आणि दुसऱ्याला दुसऱ्या टोकाला, आणि सांगावे की तू आत्ता रस्त्यावर आलास तर ही गाडी तुझ्या पायांपाशी येऊन थांबेल, आणि पाऊस असेल तर थांबणारही नाही. मुले त्या दोन टोकांमधल्या अंतराकडे गप्प होऊन पाहतात. गाडी हवी तेथे थांबते, हा त्यांचा समज त्या वेळी गळून पडतो.

प्रत्यक्ष रस्त्यावर

मैदानावर चार-पाच तास झाल्यावर रस्त्यावर जावे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांचे संमतिपत्र घ्यावे. एका वेळी सहापेक्षा जास्त मुले नेऊ नयेत आणि दोन मोठी माणसे बरोबर असावीत. वर्ग साठ मुलांचा असेल तर दहा फेऱ्या होतील, त्या होऊ द्याव्यात. साठ मुलांची रांग रस्त्यावर नेली तर ती रांग सांभाळण्यातच सगळा वेळ जातो आणि मुले समोरच्या मुलाच्या दप्तराकडे पाहत ओलांडतात. प्रत्येक मुलाने एकट्याने निर्णय घ्यायचा, शिक्षकाने शेजारी उभे राहून फक्त चुकीच्या वेळी रोखायचे.

कोणत्या कडेने चालायचे याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पालक यावर हमखास वाद घालतात. 'रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे' असे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत शिकवले गेले. पदपथ असेल तर कोणत्याही बाजूच्या पदपथाने चालावे, तेथे प्रश्नच नाही. पण गावाकडच्या रस्त्याला पदपथ नसतो, आणि डाव्या कडेने चालणाऱ्याच्या पाठीमागून त्याच बाजूची वाहने येतात, ती त्याला दिसत नाहीत. उजव्या कडेने चालले की जवळचे वाहन समोरून येताना दिसते आणि साईडपट्टीवर उतरायला वेळ मिळतो. म्हणून पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, एकामागे एक चालायला शिकवावे. उजवीकडे आंधळे वळण असेल किंवा त्या बाजूला साईडपट्टीच नसेल, तर वळणाच्या बरेच आधी रस्ता ओलांडून सुरक्षित बाजू घ्यावी आणि वळण संपल्यावर परत यावे. हे पालकसभेत दोन पालकांना पुढे बोलावून चालून दाखवले की वाद मिटतो.

पावसाळ्यात छत्री समोर कलती धरली की रस्ता दिसत नाही आणि रेनकोटची टोपी डोक्याबरोबर वळत नाही, त्यामुळे त्या दिवसांत सराव छत्री आणि रेनकोटसहच घ्यावा. हिवाळ्यात सकाळच्या शाळेला धुके आणि अंधुक उजेड असतो, गणवेश गडद असतो. दप्तराच्या पाठीमागे आणि दोन्ही पट्ट्यांवर चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवावी. ती हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते आणि एका मीटरमध्ये तीन-चार दप्तरे होतात.

शाळेत आरएसपीचे (रोड सेफ्टी पेट्रोल, म्हणजे रस्ता सुरक्षेसाठी तयार केलेल्या विद्यार्थ्यांचे) पथक असेल तर त्याचा उपयोग रांग लावण्यासाठी आणि लहान मुलांना कडेला थांबवण्यासाठी करावा. त्या मुलांना महामार्गाच्या मधोमध उभे करून वाहने अडवायला लावू नये. ते काम पोलिसांचे आहे, किंवा फार तर चमकदार जाकीट घातलेल्या मोठ्या माणसाचे.

एसटी, व्हॅन आणि उसाची ट्रॉली

बसमधून उतरल्यावर मूल बसच्या पुढून किंवा मागून लगेच पळत पलीकडे जाते, आणि बसला ओलांडून येणाऱ्या वाहनाला ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. 'एसटी निघून जाऊ द्यायची, रस्ता दोन्हीकडे दिसू लागला की मगच ओलांडायचा' हे वाक्य मुलांच्या इतके अंगवळणी पडले पाहिजे की दारातून उतरतानाच ते आठवावे.

यासाठी एक प्रयोग अवश्य करावा. शाळेची बस किंवा व्हॅन मैदानात उभी करून इंजिन बंद करावे, किल्ली काढून शिक्षकाने स्वतःच्या खिशात ठेवावी, आणि एकेका मुलाला चालकाच्या जागेवर बसवावे. बाकीच्या मुलांनी बसच्या अगदी पुढे, बाजूला आणि मागे मांडी घालून बसावे. वर बसलेल्याने किती मित्र दिसतात ते मोजायचे. आमच्याकडे नऊ मुले बसच्या भोवती बसली होती आणि वरच्या मुलीला दोनच दिसली. 'बाकीची कुठं गेली?' असे तिने खाली डोकावून विचारले. व्हॅनकाका त्या वेळी शेजारीच उभे होते, आणि त्या दिवसानंतर गाडी सुरू करण्याआधी तेही एकदा गाडीभोवती चक्कर मारू लागले.

शाळेची वाहने असतील तर २०११च्या महाराष्ट्र स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. ही समिती कागदावर न राहता सत्रातून एकदा तरी बसून वाहनांची कागदपत्रे, आसनांपेक्षा जास्त मुले, दारांच्या कड्या आणि अग्निशामक पाहते की नाही, हे तुम्ही विचारत राहावे.

ऊसपट्ट्यातील शिक्षकांसाठी हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहिते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की शाळेच्या रस्त्यावरून एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जाऊ लागतात, आणि मुले मागे धावत त्यातला ऊस ओढतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही गंमत आहे, आपणही ती केलेली असते, म्हणून आपण तिच्याकडे हसून पाहतो. पण ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात, चालकाला मागचे ऐकू येत नाही आणि उसाच्या भाऱ्यामुळे दिसतही नाही, आणि ओढलेला ऊस एकाएकी सुटला की मूल तोल जाऊन थेट दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाकडे पडते. नुसते 'ऊस ओढू नका' म्हटल्याने हे थांबत नाही. आम्ही गावातल्या शेतकऱ्यांना विनंती केली आणि हंगामात दर शनिवारी मोळीभर ऊस शाळेत येऊ लागला. मुलांना ऊस खायला मिळाला आणि त्याच वेळी एक ट्रॉली मैदानात उभी करून तिच्या चाकाची उंची मुलांच्या खांद्याशी मोजून दाखवता आली. साखर कारखान्याला पत्र देऊन ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावण्याची मागणीही शाळा करू शकते.

सायकल

मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळतात, आणि ज्या मुली कधी सायकलवर बसलेल्या नसतात त्या आठवडाभरात राज्यमार्गावर येतात. सायकल वाटपाच्या दिवसापासून रस्त्यावर जाण्यापर्यंत किमान दोन आठवडे मैदानावर सराव ठेवावा: एका हाताने हॅण्डल धरून दुसऱ्या हाताने वळण्याची खूण करणे, सरळ रेष न सोडता मागे वळून पाहणे, आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबणे. मागे पाहताना सायकल ज्या बाजूला झुकते तेथेच अपघात होतात, म्हणून या एका कौशल्यावर जास्त वेळ द्यावा. ओढणी कमरेला बांधावी, दप्तर हॅण्डलला लटकवू नये. सायकल हे वाहन असल्याने ती डाव्या कडेनेच चालवायची, हा चालण्यापेक्षा वेगळा नियम येथे पुन्हा स्पष्ट करावा, कारण मुलांचा गोंधळ होतो.

पालकसभा

हेल्मेटबद्दल पालकांशी बोलताना कायदा स्पष्ट सांगावा. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे, मागे बसलेल्यालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आवश्यक आहे, आणि असे मूल बरोबर असताना वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे आणि मुलाच्या मापाचे असावे. वडिलांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवले तर ते पडताना आधी निघून जाते.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देण्याबद्दल २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १९९अ फार कडक आहे. पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे सांगितल्यावर सभेत शांतता पसरते. तरीही 'शेतातून दूध आणायला कोण जाणार?' असा प्रश्न एखादा पालक विचारतोच, आणि तो प्रश्न खरा असतो. त्याला झिडकारू नये. मुलाऐवजी कोण जाऊ शकेल, वेळ बदलता येईल का, शेजाऱ्याबरोबर पाळी लावता येईल का, हे तेथेच बसून बोलावे.

अपघात पाहिला तर

मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात: स्वतः रस्त्यावर धावायचे नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची, आणि १०८ किंवा ११२ वर फोन करून ठिकाण नीट सांगायचे. ठिकाण सांगण्याचा सराव घ्यावा, कारण घाबरलेले मूल 'शाळेजवळ' एवढेच म्हणते. जवळचा किलोमीटरचा दगड, मंदिर, पेट्रोलपंप यांपैकी काहीतरी नावानिशी सांगता आले पाहिजे. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४अ नुसार संरक्षण आहे आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, हे मोठ्या मुलांना आणि पालकांनाही माहीत असावे.

शिकले की नाही, हे कसे ओळखावे

लेखी परीक्षा घेऊ नये. सराव संपल्यावर साधारण महिन्याने, मुलांना न सांगता, शाळा सुटताना समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसावे आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीनच खुणा कराव्यात: थांबले का, दोन्हीकडे पाहिले का, चालत ओलांडले का. मैत्रिणींच्या घोळक्यात, सहलीच्या आदल्या दिवशी किंवा पाऊस सुरू झाल्यावर हीच मुले वेगळी वागतात, म्हणून असे निरीक्षण निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. ज्यांच्या खुणा चुकल्या त्यांची नावे वर्गात वाचून दाखवू नयेत. दुसऱ्या दिवशी त्या मुलाबरोबर घरापर्यंत चालत जावे आणि वाटेत त्याला दिसेल ते मोठ्याने सांगायला लावावे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जूनमध्ये हे सगळे पुन्हा करावे लागते, कारण सुट्टीत मुले मामाच्या गावी राहून आलेली असतात आणि तिकडच्या सवयी बरोबर घेऊन येतात.